तोंडावरचा हात

रिटेनरला वास येतो, ही गोष्ट मी बरेच दिवस घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. डबी उघडली की पावसाचं डबकं आटल्यावर येतो तसला वास यायचा. एवढी शिकले, नोकरीला लागले आणि शेवटी तोंडात हे घालून फिरायचं, असं वाटायचं.

दातांच्या तारा काढल्या त्या दिवशी नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी ही रिटेनर नावाची प्लास्टिकची पारदर्शक पट्टी माझ्या वरच्या दातांवर बसवली होती. सरळ झालेले दात पुन्हा जुन्या जागी जाऊ नयेत म्हणून ती सतत घालायची, जेवताना काढायची. काढली की लगेच गार पाण्याखाली मऊ ब्रशनं घासायची. टूथपेस्ट लावायची नाही, बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. गरम पाण्याचं तर नावच काढायचं नाही. मी सगळं मन लावून ऐकलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगितलेलं पाळण्यात मी कुणाला हार जात नाही.

पण मॅडमच्या दवाखान्यातलं पाणी वेगळं आणि वसमतजवळच्या आमच्या गावातलं बोअरचं पाणी वेगळं. आमच्याकडं बादलीला आतून पांढरा थर चढतो, नळाची तोटी क्षारानं बुजते. तोच थर रिटेनरवर चढायचा, खरबरीत. त्याखाली लाळ आणि अन्नाचे कण अडकायचे. ब्रशनं निघायचं नाही. मग मी विकतच्या जारचं पाणी वापरायला लागले. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून त्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचं, की थर सुटायचा, वास जायचा. जरा बरं वाटायचं, तोवर हळदीचा हंगाम आला.

हळदीच्या दिवसांत घर शेतातच असतं. शाळेत शिकवून आले की मीही तिकडंच. दर घडीला कुणीतरी चहा पुढं करतं. दरवेळी बायांसमोर तोंडात बोट घालून ते काढायचं, हात पिवळे, पाणी लांब, मग रुमालात गुंडाळायचं. वास परत आला, आणि दुप्पट आला. धाकटा भाऊ डबीकडं बघून म्हणायचा, "आक्का, तुझी बत्तीशी सुट्टीवर आली वाटतं!" बाया खिदळायच्या. मीही हसायचे. तेव्हा मला मोकळं हसता येत होतं.

माझे पुढचे दोन दात आधी बाहेर होते. शाळेत मला फावडी म्हणत. हसताना, बोलताना, उत्तर देताना डावा हात आपोआप तोंडावर जायचा. कॉलेजात तोंडी परीक्षेला सर म्हणाले होते, "हात काढून बोल, काही ऐकू येत नाही." उत्तर येत असूनही मी गप्प बसले. म्हणून शिक्षिकेची नोकरी लागली तशी सगळ्यात आधी मी तारा बसवल्या. साडी नाही, मोबाइल नाही, तारा. त्या निघाल्यावर वर्गात उभी राहिले तेव्हा एका हातात खडू होता, दुसऱ्या हातात पुस्तक होतं, आणि तोंडावर कोणताच हात नव्हता. मला दुसरं काही नको होतं.

त्या रविवारी आमची हळद शिजत होती. ट्रॅक्टरनं ओढत आणलेल्या लोखंडी टाक्या, खाली जाळ, वर वाफ. जेवायला बसताना मी रिटेनर डबीत घालून बाजेवर ठेवला. जेवून, हात धुवून आले तर डबी उघडी आणि रिकामी.

"माय, ह्यातलं कुठंय?"

"हाय की. थांब जरा, शिजून राहिलंय."

"काय शिजून राहिलंय?"

"तुझं ते दाताचं. लईच घाण मारून राहिलं होतं, बाई. सोच्छ फडक्यात बांधून हळदीवर ठिवलंय. कच्ची हळद बी अशीच सडती, वास मारती. एकडाव शिजली की वरीसभर काई होत न्हाई तिला."

भाऊ तेवढ्यात म्हणाला, "आता वाळवून पॉलिश कर अन् मोंढ्यात ने, आक्का. भाव बरा हाय!"

सगळे हसले. मी टाकीकडं पळाले. फडकं बाहेर काढलं, गाठ सोडली. रिटेनर आकसला होता, कडा आत वळल्या होत्या, रंग पिवळाजर्द. संत्र्याची साल उन्हात वाळून गुंडाळते, तसा. तरी मी तो दातांवर दाबला. बसला नाही. अजून जोरात दाबला तर हिरडीतून रक्त आलं.

मायनं तो माझ्या हातातून घेतला, नाकाशी धरला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "पण वास तर गेला बघ."

वास खरंच गेला होता. तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

दवाखान्यात फोन केला. मॅडम परगावी गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा आमच्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या, रजा मिळेना. दात सरकलेत हे जिभेला आधी कळलं. जिथं सपाट लागायचं तिथं काठ लागायला लागला. मग आरशात दिसलं. रोज सकाळी अंगठ्यानं मी ते आत दाबायचे. वेडेपणाच तो. अंगठ्यानं दात मागं जात असते तर तारा कुणी लावल्या असत्या?

शेवटी नांदेडला गेले. मॅडमनी नवं माप घेतलं.

"नवा रिटेनर देते. पण दात आज जिथं आहेत तिथंच तो धरून ठेवेल. मागं नेणार नाही."

"मागं न्यायचे असतील तर?"

"मग परत तारा."

पुन्हा ते सगळं सुरुवातीपासून करायची ताकद माझ्यात नाही, हे मला खुर्चीतून उठायच्या आधीच कळलं होतं.

नवा रिटेनर मी फार स्वच्छ ठेवते. त्याला वास येत नाही. आता माय रोज जारचं पाणी वाटीत काढून माझ्याजवळ ठेवते आणि लगेच हात मागं घेते. रिटेनरला ती बोटसुद्धा लावत नाही. परवा भाऊ कसलीतरी नक्कल करत होता, मला हसू आलं, आणि डावा हात तोंडावर गेला. मी नेला नव्हता. आपला गेला.

मायनं ते पाहिलं. "काहून हात लावून राहिलीस? टोचतंय का नवं?"

"न्हाई टोचत."

"मग बसला ना बराबर?"

"व्हय, माय," मी हाताआडूनच म्हणाले, "बराबर बसला."