नवव्या महिन्यातली मिसिंग

ती केस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. खून नाही, दरोडा नाही, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. मीरा-भाईंदरमधल्या माझ्या नोकरीतली ती शेवटची शेवटची वर्षं. गुडघे दुखत होते, आणि माणसांचं खोटं ऐकून कानही दमले होते.

एका दुपारी भाईंदरच्या इंद्रलोक भागातला एक तरुण पोलीस ठाण्यात आला. बायको सकाळपासून गायब, फोन बंद. नववा महिना, पहिलंच बाळंतपण. मी स्टेशन डायरीत नोंद केली, मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली, वर्णनाचा मेसेज सगळीकडे पाठवला. तेवढ्यात नाशिककडून तिच्या भावाचा फोन आला. "साहेब, तिच्या नवऱ्याला आत घ्या. यांनीच काहीतरी केलंय तिचं!"

बाई हरवली की आमची पहिली नजर नवऱ्यावर जाते, आणि बहुतेक वेळा ती चुकत नाही. त्याला समोर बसवलं. भांडण झालं होतं का, हात उचललास का, सगळं विचारून झालं. तो एकच सांगत राहिला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, बीपी वाढलंय, आता लांबचा प्रवास नको. इथेच मीरा रोडच्या हॉस्पिटलात नाव घातलंय. ती कशाला जाईल साहेब?" सांगता सांगता रडायला लागला. रडणं हा पुरावा नसतो, पण तो खोटं बोलत नव्हता एवढं कळलं.

मग त्याच्या आईला बोलावलं. गिरगावातून इकडे राहायला आलेली, नीटनेटकी बाई. "मी देवळात गेले होते. परत आले तर ही नाही. रागावून गेली असेल. हल्ली मुलींना काही बोलायची सोय नाही."

"बरोबर काय काय नेलं?"

"दोन गाऊन, झबली-टोपडी, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा."

मी पेन खाली ठेवलं. "आई, रागावून जाणारी बाई डिंकाचे लाडू घेऊन जात नाही. आणि तुम्ही देवळात होतात, तर बॅगेत काय भरलं ते तुम्हाला कसं माहीत?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच भरली हो बॅग. काशीमीऱ्याच्या रिक्षातही मीच बसवली. आठव्यात प्रवास करत नाहीत, म्हणून मी थांबवली तिला. नववा लागला तशी म्हटलं, आता जा बाई. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं ना? तिची आई रोज फोन करून विचारत होती, मुलीला अडवून ठेवलीत का म्हणून. मी नाही गेले नवव्यात एसटीने? ह्याला किंवा तिच्या माहेरी आधी सांगितलं असतं तर ह्याने पाठवली नसती."

मुलगा आईकडे बघतच राहिला. त्याला बाहेर बसवून चहा द्यायला सांगितलं.

काशीमीऱ्याला हायवेवर नाशिककडच्या गाड्या प्रवासी भरतात. तिथल्या एका चहावाल्याशी माझी जुनी ओळख. त्याला फोन लावून बाईचं वर्णन सांगितलं. "हां साब, पेट से थी. सफेद गाडीत बसली. ड्रायव्हर रोजचाच हाय, आत्ता फिरून आलाय इथेच."

ड्रायव्हरला उचलून आणला. आधी तो मी नव्हेच. गाडीची झडती घेतली तर सीटखाली तिचा फोन, बंद केलेला. मग पोपटासारखा बोलायला लागला. "साहेब, घोडबंदरला ट्रकची लाईन, गाडी हलतच नव्हती. त्यात खड्डे. बाई कळवळायला लागली. माझी गाडी प्रायव्हेट, पॅसेंजरचं परमिट नाय. काय झालं असतं तर मीच आत गेलो असतो ना? म्हणून तिथल्याच एका हॉटेलसमोर उतरवली. फोन गाडीतच राहिला, सारखा वाजत होता, मग केला बंद."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण वेळ नव्हता. हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं, बाई खुर्चीतच बेशुद्ध पडली, अँब्युलन्स बोलावून ठाणे शहरातल्या एका हॉस्पिटलात पाठवली. तिच्याजवळ फोन नाही, नाव सांगायची शुद्ध नाही. आमचा मेसेज त्या हॉस्पिटलपर्यंत पोहोचलाच नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं. बीपीमुळे तिला झटके आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघंही गेली असती." बाळ काचेच्या पेटीत होतं, मुलगी.

ती शुद्धीवर आल्यावर जबाब घ्यायला महिला हवालदाराला घेऊन गेलो. बाहेर बाकावर माहेरची आणि सासरची माणसं समोरासमोर बसली होती. "तुम्ही पाठवलीतच कशाला?" "तुम्हीच बोलावत होतात ना?" सुनेने मात्र जबाबात सासूला सांभाळून घेतलं, तिच्याविरुद्ध तक्रार नाही म्हणाली. ड्रायव्हरवर मी गुन्हा दाखल केला.

एवढ्या वर्षांत शिकलो ते एवढंच, की माणसं प्रत्येक वेळी द्वेषानेच जीवावर उठतात असं नाही. रीत पाळायची, नाव राखायचं, एवढ्यासाठीही ती एखाद्याला हायवेवर नेऊन सोडतात, आणि लाडूही बांधून देतात.

सज्ञान बाई सापडली की ती कुणाकडे जाणार हे तिलाच विचारावं लागतं, ते हवालदाराने विचारलं. "ताई, तुम्हाला कुठे जायचंय?"

ती छताकडे बघत म्हणाली, "मला कुठेच जायचं नव्हतं हो. पण हे कुणी विचारलंच नाही."