काकूंची गोधडी आणि गुंड्या

शैलाकाकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या एका दुकानात त्यांच्या गुंड्यासाठी चिकन घेत होते. काकू हॉस्पिटलमध्ये होत्या आणि गुंड्याचं खाणंपिणं मी त्यांच्या घरी जाऊन बघत होते. फोनवर त्यांचा मुलगा आदित्य. रडून झाल्यावर म्हणाला, "ताई, माझ्या अपार्टमेंटमध्ये पेट्स चालत नाहीत. तू ठेवशील? नाहीतर शेल्टर..."

"ठेवते," म्हटलं आणि आणखी एक पाकीट घेतलं.

गुंड्या म्हणजे फेरेट, मुंगसासारखा लांबुडका प्राणी. आदित्य नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेला आणि त्याचा हा गुंड्या काकूंकडे राहिला. काकू निवृत्त डॉक्टर, घरात अंडंही न आणणाऱ्या. त्यांनी त्याला मऊ दहीभात भरवला, वर मेतकूट! पोट बिघडल्यावर व्हेटने सुनावलं, याला मांसच लागतं. तेव्हापासून काकू गॅरेजमध्ये वेगळ्या शेगडीवर, नाकाला रुमाल बांधून चिकन शिजवू लागल्या.

"काकू, जन्मभर ऑपरेशनं केलीत, आणि कोंबडीला घाबरता?"

"घाबरत नाही गं. मास्कशिवाय हात चालत नाही माझा!"

एकदा गुंड्याने त्यांचा पायमोजा पळवून गोधडीखाली दडवला. काकूंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "वर्षा, चोरी झाली. आता हा माझ्याकडे रुळला बघ."

माझ्याकडे आणताना मी सगळी तयारी केली होती. नवा पिंजरा, नवी झोळी, घासलेला वाडगा. काकूंची जुन्या साड्यांची गोधडी गुंड्याच्या आणि बामच्या वासाने भरलेली, ती त्याने आत दडवलेल्या ऐवजासकट उचलून आणली आणि धुवायच्या टोपलीत टाकली. पण गुंड्या खाईना. या प्राण्याला दर काही तासांनी खावं लागतं; उपाशी राहिला तर जिवावर बेततं. संध्याकाळपर्यंत त्याने वाडग्याकडे पाहिलंही नाही. नाइलाजाने पिंजरा उघडला, तर तो तडक धुण्याच्या टोपलीत शिरला आणि गोधडीत नाहीसा झाला... मी वाडगा तिथेच नेला. जरा वेळाने आतून मचमच ऐकू आलं. धुणं कॅन्सल केलं, गोधडी ऐवजासकट पिंजऱ्यात पसरली. त्या रात्री मीही नीट जेवले.

परवा पिंजरा साफ करताना गोधडी उचलली. खाली काकूंचा तो मोजा होता, आणि त्याला खेटून माझं पेन, जे मी दोन दिवस घरभर शोधत होते.

दोन्ही तशीच ठेवून गोधडी पुन्हा पसरली, आणि यादीत 'नवं पेन' लिहायला पेन्सिल शोधू लागले.