हेडसरांच्या पायांची परीक्षा

नवरा तिच्या मसाजच्या दगडांना ‘तुझं माहेर’ म्हणायचा आणि नणंद तिला सरळ दगडूबाईच म्हणायची. दगडूबाईला दोन्हीचा राग नव्हता. गरम आणि गार दगडांनी लोकांच्या आखडलेल्या पाठी मोकळ्या करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. घरी गॅसवरचं दूध तिच्या डोळ्यांदेखत उतू जाई. कामावर मात्र दगड तापवायच्या भांड्यातल्या थर्मामीटरवरून तिची नजर हलत नसे. प्रत्येक गरम दगड आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून बघायचा, मगच गिऱ्हाइकाच्या अंगावर. त्यामुळे तिचं डावं मनगट बारा महिने लालसर.

दुसरा नियम त्याहून कडक. सुरुवातीला गिऱ्हाइकाने डोळे मिटायचे. ती हातापायांना कोमट नाहीतर गार दगड लावणार आणि त्याने ओळखायचं. ‘ज्या पायाला ऊन-गार कळत नाही, तो भाजला तरी चुगली करत नाही,’ असं तिचं म्हणणं.

एका दुपारी शाळेतले तिचे हेडसर आले. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण ते दारात दिसताच दगडूबाईने ॲप्रन सारखा केला. हात आपोआप मागे गेले.

“पाय जड पडतात गं हल्ली,” सर म्हणाले. “दगड चांगले कडक तापव. उगाच कोमट-बिमट नको.”

फॉर्मवर मधुमेह, बधिरपणा, रक्तदाब या सगळ्यांपुढे त्यांनी वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

“सर, डोळे मिटा. आधी छोटी परीक्षा.”

“माझी? तू घेणार?”

“नियम आहे, सर.”

नियम म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला.

कोमट. गार. गार. कोमट. सर खणखणीत उत्तरं देत होते आणि सगळी बरोबर येत होती. दगडूबाईला मात्र काहीतरी खटकत होतं. तळव्याला बर्फातला दगड लागला की भल्याभल्यांची बोटं आखडतात. सरांची बोटं आपली निवांत. शिवाय उत्तर दगड टेकायच्या आधीच तयार!

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कोमट दगडांच्या भांड्याचं झाकण कुरकुरायचं आणि बर्फाचं भांडं खळखळायचं. सर पायांनी नव्हे, कानांनी पेपर सोडवत होते. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या, तो टेबलावर आडवा पडून कॉपी करत होता.

तिने बर्फ खळखळवला आणि हात तसाच मागे घेतला. पायाला काहीच लावलं नाही.

“गार!” सर आत्मविश्वासाने म्हणाले.

हेडसरांना चूक आहे म्हणायचं म्हणजे काय खायचं काम होतं? पण गप्प बसून त्या मुक्या तळव्यांवर तापलेले दगड ठेवले, तर फोड आलेलाही त्यांना कळणार नव्हता.

“सर, मी दगड लावलाच नव्हता.”

सरांनी डोळे उघडले. “म्हणजे तू मला फसवलंस?”

“तुम्ही आधी फसवलंत, सर.”

सर छताकडे बघत पुटपुटले, “गेल्या उन्हाळ्यापासून असं आहे. चप्पल पायातून निसटते आणि मी तसाच चार पावलं पुढे जातो. घरी सांगितलं तर ही मला धरून डॉक्टरकडे नेईल.”

“मग नेऊ देत की.”

“आणि त्याने काही काढलं तर?”

“काढलं तर औषध देईल. मी आज दगड लावणार नाही. तुम्ही कितीही ओरडा.”

सर ओरडले नाहीत. एवढं बोलल्याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. तिने भांड्याचं बटण बंद केलं आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या बायकोला फोन लावला. पलीकडून काकू एवढंच म्हणाल्या, “तिथेच बसवून ठेव त्यांना. मी रिक्षा घेऊन येतेच.”

महिन्याभराने सर परत आले, या वेळी काकूंच्या देखरेखीखाली. साखर निघाली होती, गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं: पाठीला सोसवेल इतपत शेक चालेल, पायांना दगड अजिबात नको.

सर पालथे झोपले आणि आपणहून डोळे मिटून म्हणाले, “घे परीक्षा.”

तिने पाठीला एकेक दगड लावला.

“हा कोमट. हा गार, बाप रे! पायांचं मात्र विचारू नकोस, तिथला माझा अभ्यास झालेला नाही.”

बाहेर काकूंना हसू आवरेना. दगडूबाईने दगड मनगटावर पाहून घेतला आणि सरांच्या पाठीवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत सर घोरू लागले. झोपलेला माणूसही भाजतंय म्हणून सांगत नाही, म्हणून तिने दगड एका जागी क्षणभरही थांबू दिला नाही.