मामांनी सोडलेली गाडी

माझे मामा बस डेपोत नियंत्रक होते. म्हणजे फलाटावर उभं राहून गाड्या वेळेवर सोडायच्या. बत्तीस वर्षं त्यांनी लाखो माणसं गावोगावी धाडली आणि स्वतः मात्र कुठे म्हणून गेले नाहीत. सुट्टीचा विषय निघाला की मामी म्हणायची, "मला कुठे नेतील! मी काय यांच्या वेळापत्रकात आहे?" आम्ही हसायचो. ती हसत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मामा निवृत्त झाले तशी मीच दोघांच्या हात धुऊन मागे लागले. बेटावरची खोली ठरली, आम्हा तिघांना, चार दिवसांसाठी. सकाळी बस, दुपारी रेल्वे, मग रिक्षा आणि पाचची शेवटची लाँच. पुढची थेट सोमवारी, आमची सुट्टी संपल्यावर. पाचची चुकली की सगळं मुसळ केरात.

पहिल्या थांब्यावर बस दहा मिनिटं थांबणार होती. मामा पाय मोकळे करायला उतरले. बारा मिनिटं झाली तरी ड्रायव्हर-कंडक्टर चहाच्या टपरीवर गप्पा हाणत होते. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन मिनिटं लेट! कुणाच्या परवानगीने?" त्या आवाजाला दोघे निमूट गाडीत चढले. मामांनी बाहेरून दार लावलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडले, "चला, जाऊ द्या!"

गाडी निघाली. मामा फलाटावर, मनगटावरच्या घड्याळात बघत, अगदी समाधानी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती निवृत्तीने काय जाणार!

मी बोंब मारली, पण तोवर आम्ही हमरस्त्याला लागलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, "अहो ताई, साहेबांनीच सोडली ना गाडी! आता इथे कुठे वळवू?" मामांचा फोन मामीच्या पर्समध्ये. मी रडायच्या बेतात होते. मामी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "येतील ते. सगळे रस्ते पाठ आहेत त्यांना. गेले नाहीत एवढंच."

रेल्वेतही ती तशीच शांत. मी मात्र दर स्टेशनावर मान बाहेर काढत होते.

धक्क्यावर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. मामांचा पत्ता नाही. पाच वाजले. खलाशी दोर सोडायला वाकला आणि माझी मामी, जी शेजारणीकडे वाटीभर साखर मागायलाही लाजते, एक पाय लाँचमध्ये आणि एक धक्क्यावर ठेवून उभी राहिली.

"बाई, पडाल! वेळ झाली!"

"माझं माणूस यायचंय. सोडा बघू कशी सोडता ते."

लोक कुरकुरले. एकाने तिच्यापुढे घड्याळ नाचवलं. ती हलली नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही.

पाच वाजून अकरा मिनिटांनी मामा आले. दुधाच्या टँकरने, मग बर्फाच्या ट्रकने आणि शेवटी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. शर्ट ओला, केस उभे. आत आले ते पुटपुटतच. "अकरा मिनिटं लेट. थांबवायला नको होतीस. एका माणसासाठी एवढ्या सगळ्यांना..."

मामी बसली. तिचा आवाज रोजचाच होता.

"माझ्या आईचं काही खरं नाही, असा निरोप आला, त्या दिवशी मी फलाटावर पळत आले होते. तुम्ही मला पाहिलं होतंत. तरी गाडी सोडलीत. दुपारच्या गाडीने पोचले, तर सगळं आटोपलं होतं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. लाँच सुटली. धक्क्यावरची माणसं लहान होत गेली तरी मामा मान खाली घालून बसले होते.

"वेळ झाली होती गं," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर करून मामीकडे पाहिलं. "थांबवायला हवी होती मी."

"हो," मामी म्हणाली. "हवी होती."