माघारी वळवलेली बैलगाडी

तात्या गेले आणि मी तेरा दिवस एक ओळ लिहिली नाही.

रोज मोबाईल हातात घ्यायचो. दोन शब्द टाईप करायचो. मग कुणाचा तरी फोन यायचा, मी चहाला जायचो, चहावरून थेट वाईला. माझं असंच आहे, ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

पण आज तेरावा. तात्यांच्याच ओट्यावर बसून लिहितोय. आत पंगत चाललीय.

तात्या माझे कुणी लागत नव्हते. आमच्या गल्लीतले रिटायर एसटी ड्रायव्हर. मी कॉलेज सोडून उंडारत होतो तेव्हा त्यांनी मला स्टेअरिंग धरायला शिकवलं. आज पाचगणीहून स्ट्रॉबेरीचा टेम्पो उतरवतो, तो त्यांच्या शिव्यांवर.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाडी चालवताना पयलं काय बघायचं रं?"

मी म्हटलं, "ब्रेक."

"म्होरल्या गाडीवरचा मानूस जागा हाय का, ते बघायचं."

हे कुठून आलं ते नंतर कळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तात्या तिशीतले. सकाळची कराडला जाणारी पहिली गाडी त्यांची. एक वाहन जाईल एवढाच डांबरी रस्ता, साइडपट्टी खचलेली, मध्ये ओढ्यावर अरुंद पूल. कठडा नाही.

हंगामात उसाच्या बैलगाड्या रात्रभर कारखान्याकडं चालायच्या. उजाडेपर्यंत गाडीवान उसावरच आडवे. बैलांना वाट पाठ.

हॉर्न मारला की बैल बुजतात. बुजले की गाडी ओढ्यात.

एका सकाळी तसंच झालं. तात्यांच्या पुढच्या ट्रकनं हॉर्न मारला. तात्यांनी गाडीवानाला ओढ्यातून उचलून एसटीत घातलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

त्यानंतर तात्यांनी बैलगाडीमागं कधी हॉर्न वाजवला नाही.

गाडीवान झोपलेला दिसला की एसटी थांबवायचे. खाली उतरून, कासरा धरून, बैलगाडी बाजूला घ्यायचे. गाडीवानाला जागं करायचे. मग परत स्टेअरिंगवर.

कंडक्टर म्हणायचा, "तात्या, पगार यष्टीचा घेताय का कारखान्याचा?"

खिडकीतून कुणीतरी ओरडायचं, "आवं ड्रायव्हर, कोर्टात तारीख हाय माजी."

"मग बैलास्नी सांगा की," तात्या म्हणायचे.

उशिराचे मेमो यायचे. सही करून खिशात घालायचे. ते मेमो त्यांनी मला शाळेच्या सर्टिफिकेटसारखे दाखवलेत.

महादू नावाचा एक तरणा गाडीवान होता. रोज पुलाजवळ झोपलेला. पहिल्या दिवशी तात्यांनी उठवलं. दुसऱ्या दिवशी उठवून शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा घोरतोय.

तात्यांचं डोकं फिरलं. पुलाच्या अलीकडं मोकळी जागा होती, तिथं बैल वळवले आणि तोंड गावाकडं करून दिलं.

बैलांना काय, घरची वाट. लगबगीनं निघाले.

महादू जागा झाला तो स्वतःच्या गोठ्यापुढं. उसासकट. बायको शेण काढत होती. म्हणाली, "लवकर आलासा?"

इथं आम्ही पोट धरून हसायचो.

तात्या हसायचे नाहीत.

महादूचा कारखान्यावरचा नंबर गेला. ऊस दारात वाळला. भाऊ नाही नाही ते बोलले. आणि गावानं त्याचं नावच पाडलं, माघारी.

"काय माघारी, पोचलास का आज?"

त्याची पोरं शाळेत गेली, तर तीसुद्धा माघारीची पोरं.

महादू कराडच्या स्टँडवर आला. सगळ्यांसमोर तात्यांना म्हणाला, "मेलो असतो तर चार लोकं रडली असती. तू सगळ्या गावाला हसाय लावलंस. आता यष्टीत पाय ठेवणार न्हाई. कुनाची बी असू दे."

आणि ठेवला नाही. बाजारच्या दिवशी डोक्यावर ओझं घेऊन चालत निघायचा. तात्या त्याच्याजवळ गाडी हळू करायचे. "बसा की, पाव्हणं." महादू उसाच्या फडाकडं बघत चालत राहायचा. तात्या रिटायर होईपर्यंत हेच.

पण बैलगाडीवर तो परत झोपला नाही. पूल आला की खाली उतरून बैलांपुढं चालायचा. त्याचं बघून बाकीचेही उतरायला लागले. त्या पुलावरून पुन्हा कुणी ओढ्यात गेलं नाही.

मी म्हटलं, "मग जिंकलात की तुमी."

"कसलं जिंकतोय? झोपलेल्या मानसाची गाडी रस्त्यावर एकटी सोडली मी. वाटंत ट्रक आला असता तर? मी बी त्या ट्रकवाल्याचाच भाऊ की रं."

किती जीव वाचले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ही एक चूक मात्र पन्नास वर्षं सांगत राहिले. मला तात्या आवडायचे ते ह्यासाठी.

दिवाळीत म्हणाले, "गड्या, एकदा महादूकडं ने मला. माफी मागायची ऱ्हायलीय."

मी म्हटलं, "रविवारी जाऊ."

रविवारी पाचगणीचं भाडं लागलं. पुढच्या रविवारी मित्राची नवी बुलेट आली, तिच्यावरून महाबळेश्वर. मग थंडी पडली. मग त्यांचा दमा.

बारा किलोमीटर होतं फक्त.

हेच लिहायचं टाळत होतो, तात्या.

सावकाश जावा. तुम्हाला आणि तुमच्या उशिरा पोचलेल्या प्रत्येक गाडीला माझा नमस्कार.

*

पोस्ट करणार होतो, तेवढ्यात कोपऱ्यावर एसटी थांबली. काठी टेकत एक म्हातारा उतरला. ओट्यापाशी येऊन विचारतोय, "ड्रायव्हरचं घर ह्येच न्हवं? पेपरात फोटू बघितला."

मी नाव विचारलं.

"महादू. माघारी म्हन, समद्यांस्नी ठावं हाय."

मी म्हटलं, "आजोबा, एसटीनं आलात?"

"व्हय. ड्रायव्हरला म्हनलं, पुलापाशी हळू घे."