एकसष्टावी

एकसष्ट या आकड्याचा मला आजही राग येतो. दोनाने भाग जात नाही, तिनाने नाही, पाचाने नाही, साताने तर नाहीच. आठ आठे चौसष्ट, म्हणजे त्यापुढे बघायचीही गरज नाही. मेली मूळ संख्या!

सातवीत आम्ही मुली होतो एकसष्ट. सव्वीस जानेवारीच्या लेझीमला पी.टी.च्या सरांना दहा-दहाच्या सहा सरळ रांगा हव्या होत्या. उरले मी, सगळ्यात बुटकी. "तू पाण्याची बादली सांभाळ," सर म्हणाले. झालं.

एरवी गप्प बसले असते. पण आमच्या घरी तेव्हा पार वाट लागली होती. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबा घाटकोपरच्या आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असत. दाढी नाही, कुणाशी बोलणं नाही. आई लोकांचे डबे करून घर चालवायची. लेझीमचं मी बाबांना आधीच सांगून बसले होते, आणि कितीतरी दिवसांनी ते उठून बसले होते. "येतंय मी बघूक," म्हणाले होते. आता त्यांना काय सांगणार होते, माझी बादली बघायला या?

दुपारी एकसष्ट चिंचोके घेऊन जमिनीवर बसले. तीन रांगा करा, चार करा, पाच करा, एक उरायचाच. तो एकटा चिंचोका बघून मला रडू फुटलं. शेवटी चिडून तोच मधोमध आपटला आणि बाकीचे त्याच्याभोवती लावत गेले. सहा अगदी चिकटून बसले. त्यांच्याबाहेर बारा. मग अठरा. मग चोवीस. आणखी घ्यायला हात फिरवला, तर जमिनीवर एकही शिल्लक नव्हता! छान सहा कोनांची आकृती झाली होती.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर तस्संच मांडून दाखवलं. सर बघतच राहिले. "झकास!" म्हणाले. "आयडिया तुझी ना? मग मध्ये तूच." घरी येऊन मी फक्त एवढंच म्हटलं, बाबा, नक्की या हं. मधल्या जागेचं मुद्दामच सांगितलं नाही. त्यांनी ते डोळ्यांनी बघावं अशी माझी इच्छा होती.

सव्वीस तारखेला मी जीव तोडून नाचले. चारही बाजूंनी उंच उंच मुली, वर उचललेल्या लेझमी. मला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, आणि तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

धावत घरी आले. बाबा दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात तसेच आडवे झाले होते.

"खंय होतंस गो तू? फाटकाकडे उभो रवान सगळी चेडवां बघलंय. तुका काढल्यानी मां?"

"अहो नाही, होते ना मी! मधोमध होते, बाबा!"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माका बरा वाटाचा म्हणान खोटा सांगा नको," म्हणाले.

मी ओरडले, रडले, शपथा घेतल्या. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि पुन्हा कुशीवर वळले.