दोन सुतांचा बाक

मास्तर कोट शिवायचे. किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध त्यांचा अरुंद गाळा होता. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि आरसा. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की मास्तरांना गाळ्याबाहेर उभं राहून कोट कसा बसलाय ते बघावं लागायचं. अंगात खोट असलेलं गिऱ्हाईक त्यांना मनापासून आवडे. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाला पोक, कुणाचा एक हात लांब. मास्तर इथे थोडा कापूस भरत, तिथे अर्धा इंच चोरत, आणि माणूस सरळ होऊन बाहेर पडे.

गाळ्याच्या वर पूल या बिलियर्डसारख्या खेळाचा हॉल होता. दिवसभर डोक्यावर बॉल आपटायचे. एकदा मास्तर वैतागून भांडायला वर गेले. मालकानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, "एक मारून तर बघा," म्हणाला आणि हातात खेळायची काठी दिली. मास्तर दोन तासांनी खाली आले ते भांडण विसरूनच. त्यानंतर सोळा वर्षं दर रविवारी दुपारी ते वर होते.

खेळ बेताचाच. त्यांचा बॉल डावीकडे जायचा. थोडासाच, पण टेबलाच्या खिशात पडायच्या ऐवजी खिशाच्या ओठावर आपटून परत येण्याइतका. सोबतीला त्यांचा मेव्हणा असायचा. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा आणि बॉल मारताना अगदी मास्तरांइतकाच डावीकडे जायचा. त्यामुळे मास्तरांचं बरं चाललं होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर मात्र त्यांना एक गोष्ट टोचायला लागली. जगाला आपण मापाचं देतो आणि स्वतः हॉलमधली कुणाचीही काठी उचलून खेळतो, हे काही खरं नाही. त्यांनी बायकोला सांगितलं, "मी माझ्या मापाची काठी करून घेणार."

"घ्या," बायको म्हणाली. "पुढेमागे चालायला उपयोगी पडेल."

काठ्या बनवणारा कारागीर बसनं अडीच तासांवर राहायचा. सत्तरीचा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, भुवयांवर लाकडाचा भुसा. मास्तरांनी खिशातून टेप काढली तर त्यानं ती परत खिशात ठेवायला लावली. "टेपनं कपडे होतात. खेळा."

मास्तर तासभर खेळले. म्हातारा मागे स्टुलावर बसून वहीत लिहीत होता. मधेच तो खाली वाकून मास्तरांच्या बुटांचे तळ बघून आला. मग विचारलं, "झोपता कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"आणि बायको?"

"कुठली कूस ते माहीत नाही. पण माझ्या डावीकडे."

"वाटलंच," म्हातारा म्हणाला आणि बराच वेळ लिहीत राहिला. "अकरा महिने लागतील. लाकूड मुरावं लागतं."

मास्तर हवेत तरंगत घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं माप घेतलं होतं.

आता एवढी काठी येणार, तर आपणही तिच्या लायक व्हायला हवं, असं त्यांनी ठरवलं. कापायच्या टेबलावर खडूनं रेघ मारून ते रोज सकाळी तिच्यावरून फूटपट्टी मागे-पुढे सरकवायचे. पाचव्या महिन्यात त्यांना चोर सापडला. तीस वर्षं कातर चालवून उजवं कोपर बाहेर फेकायची सवय लागली होती. ते कोपर त्यांनी बरगडीला शिवल्यासारखं आत धरलं. आठव्या महिन्यात बॉल नाकासमोर जायला लागला. मेव्हणा चार आठवडे त्यांच्याशी बोलला नाही.

काठी आली. मखमली पेटीत, मधाच्या रंगाची, मुठीपाशी काळ्या लाकडाची नक्षी. हातात घेतल्यावर मास्तरांचे डोळे भरून आले. सगळा हॉल गोळा झाला. मास्तरांनी नेम धरला, कोपर आत घेतलं आणि मारलं. बॉल उजवीकडे निघून गेला. दुसराही गेला. तिसऱ्यानं शेजारच्या टेबलावर उडी मारली.

हॉलच्या मालकानं काठी टेबलावर आडवी ठेवून ढकलून पाहिली. ती लोळेना, नुसती डुलायला लागली.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "ही वाकडी आहे हो."

दुसऱ्या दिवशी मास्तर पेटी काखोटीला मारून बसमध्ये बसले. अडीच तास मनातल्या मनात भांडण घोळवलं. म्हाताऱ्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"तुमचा हात डावीकडे जातो. तुमच्या डाव्या बुटाची टाच जास्त झिजलीय. बायकोही डावीकडे. म्हणजे एकूण ओढा तिकडेच. म्हणून काठीला उजवीकडे दोन सुतांचा, पाव इंचाचा, बाक दिलाय. सरळ काठी काय, कुणीही बनवतो. तुम्ही मापाची मागितली होती. मारून दाखवा."

मास्तरांनी मारलं. बॉल उजवीकडे गेला. म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, कोपराकडे निरखून पाहिलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"तुम्ही सुधारलात की काय?"

"हो," मास्तर जरा अभिमानानं म्हणाले.

"मला न विचारता?"

म्हाताऱ्यानं वही मिटली.

"माप दिल्यावर गिऱ्हाइकानं अंगच बदललं, तर तुम्ही काय करता?"

मास्तर काय करतात हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात पोट सुटलेल्या एका बँकवाल्याला त्यांनी फाडकन सुनावलं होतं, की माप घेतलं त्या दिवशीचा माणूस घेऊन या, कोट बरोबर बसेल.

"सरळ नाही का करता येणार, काका?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"लाकूड आहे ते. टाके उसवून पुन्हा मारता येत नाहीत." मग म्हाताऱ्याला दया आली. "असं करा, घरी जा आणि थोडे बिघडा. फार नको, दोन सूत. इतकी वर्षं जमत होतंच की."

मास्तर खरंच बिघडायला बसले. रोज सकाळी खडूच्या रेघेवर फूटपट्टी तिरकी सरकवायची. पण कोपर बाहेर जाईना. उशी काखेत धरून पाहिली. बायकोला म्हणाले, "काही दिवस तू उजवीकडे झोपून बघतेस का?"

"अहो, लग्नापासून तुमची एकच गोष्ट सुधारली," ती म्हणाली, "आणि तीही मोडायला निघालात! मी आहे तिथेच झोपणार."

तिसऱ्या आठवड्यात कोपर गेलं खरं, पण कापड कापताना. एका वकिलाच्या कोटाची डावी बाजू लांब झाली. मास्तरांनी त्याला स्वतःच्या पदरचं कापड घालून नवा कोट शिवून दिला आणि बिघडण्याचा नाद सोडला.

पुढच्या रविवारी पेटी हॉलमध्ये उघडी पडली होती. मेव्हण्यानं सहज काठी उचलली आणि मारली. बॉल सरळ खिशात. त्यानं मागे वळून पाहिलं, की कुणी दुसऱ्यानं मारला की काय. पुन्हा मारला. पुन्हा खिशात. सलग सहा बॉल गेले तेव्हा त्याला खुर्चीवर बसवावं लागलं.

त्या वर्षी हॉलची स्पर्धा मेव्हण्यानं जिंकली. उपांत्य फेरीत त्यानं मास्तरांनाच हरवलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मास्तर बॉलकडे न बघता मेव्हण्याच्या खांद्यापासून काठीच्या टोकापर्यंत नजर फिरवत होते. "बसलीय मात्र," ते मालकाला म्हणाले. "कुठे चुणी नाही." त्यांना वाईट वाटत होतं, पण काम चोख होतं हे नाकारणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. पेटी त्यांनी त्याच दिवशी मेव्हण्याला देऊन टाकली.

महिनाभरानं मेव्हणा गाळ्यात आला. कापायच्या टेबलाला टेकून म्हणाला, "भाऊजी, खरं सांगा. आता नाव झालंय, तर खेळ जरा सुधारावा म्हणतो. माझं कोपर बाहेर जातं का हो?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, मेव्हण्याच्या हातात फूटपट्टी देऊन त्याला आरशासमोर नेम धरून उभं केलं, स्वतः गाळ्याबाहेर गेले आणि रस्त्यावरून त्याला नीट न्याहाळलं. कोपर दोन सूत काय, चांगलं चार बोटं बाहेर होतं.

"नाही रे," ते म्हणाले. "अजिबात हात लावू नकोस."

मेव्हण्यानं बाहेर येऊन त्यांना तिथेच, रस्त्यावर, मिठी मारली. मग दोघं वर गेले. मास्तरांनी भिंतीवरची पहिली हाताला लागेल ती काठी घेतली आणि त्या दिवशी ते जिंकले. मेव्हणा आनंदानं नाचत होता, त्यामुळे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.